पन्हळीखालचा कोपरा

ग्लासगोच्या बाहेरच्या अंगाला आम्ही घर घेतलं तेव्हा मागच्या दाराबाहेर आधीच्या मालकांनी टाकलेल्या सिमेंटच्या मोठ्या करड्या फरश्या होत्या. पाऊल टाकलं की फरशीचा एक कोपरा खाली जायचा आणि समोरचा वर यायचा. दर जानेवारीत एखादी फरशी शेजारच्या फरशीपेक्षा बोटभर वर उचलली जायची. मार्चमध्ये ती परत खाली बसायची, पण पूर्वीच्या जागी नाही. हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. "या उन्हाळ्यात बघू," असं नवरा म्हणायचा आणि मीही म्हणायचे. असे सात उन्हाळे गेले.

तो सोमवारी सकाळी विमानाने इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या ऑफिसला जातो आणि गुरुवारी संध्याकाळी परत येतो. मी हॉस्पिटलच्या औषध विभागात काम करते, माझी शिफ्ट साडेसातला सुरू होते. मुलगी शिकायला कॉव्हेंट्रीला गेली, त्यानंतर आठवड्याचे चार दिवस घरात मी एकटीच असायचे. एकटं असण्याचं मला दुःख नव्हतं. खरं सांगायचं तर घरी येऊन कोणाशीही न बोलता टोस्ट खाता येतो, याचंच मला तेव्हा सुख वाटायचं.

मग एका फेब्रुवारीत सकाळी कचऱ्याची बिन बाहेर काढताना माझा पाय एका वर आलेल्या फरशीला अडखळला. फरशीवर काचेसारखा बर्फाचा पातळ थर होता. मी पडले ती उजव्या हातावर. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. नवऱ्याने रीडिंगहून फोनवर दहा वेळा सॉरी म्हटलं आणि आता फरश्यांचं काम करायचंच असं आमचं ठरलं. प्लास्टर निघालं, मनगट थंडीत ठणकत राहिलं, फरश्या तशाच राहिल्या.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये माझे सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या आणि अमरावतीच्या घरात ते एकटे होते. वय अठ्ठ्याहत्तर. सगळी नोकरी बांधकाम खात्यात, रस्ते आणि लहान पूल बांधण्यात गेलेली. मी त्यांना बाबा म्हणते. लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर सोफ्यावर पाय वर घेऊन बसायला मला अजून अवघड वाटतं.

ते आले आणि माझा टोस्ट गेला. दोन्ही वेळा पोळी-भाजी, सकाळी सहाला चहा, संध्याकाळी मी दारात पाऊल टाकलं की, "आलीस का? आज उशीर झाला." त्यांचा त्रास असा काहीच नव्हता. ते स्वतःचे कपडे घडी घालायचे, भाजी चिरून ठेवायचे. पण घरात कोणीतरी आपली वाट बघतंय याचाही एक भार असतो, आणि तो मला तेव्हा पेलत नव्हता. हे मी कोणाला बोलले नाही. वारलेल्या बायकोच्या आठवणीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल असं बोलायचं तरी कोणाला?

दिवसभर ते स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी बसायचे. समोर त्या फरश्या. तिसऱ्या आठवड्यात मी कामावरून आले तर एक फरशी उपसून भिंतीला टेकवलेली होती आणि बाबा खड्ड्याशेजारी उकिडवे बसले होते. हातात आमची कोळसे ओढायची जुनी लोखंडी पळी.

"बाबा! अहो, ही एकट्याने उचललीत तुम्ही?"

"उचलली नाही, उलटवली. पाय ठेवला की हलतेच, मग काय जोर लागतो?" त्यांनी पळीने खालची माती खरवडून दाखवली. "हे बघ. बोटभर वाळू, आणि खाली ही चिकणमाती. याच्यावर काहून ठेवली असेल यांनी फरशी?"

बाबांना राग आला किंवा उत्साह वाटला की त्यांच्या बोलण्यातला 'का' जाऊन 'काहून' यायचा. चोवीस वर्षांत मी हे ओळखायला शिकले होते. त्या दिवशी तो राग नव्हता.

जेवताना ते मला समजावत राहिले. त्यांच्या भागातली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की फाटते. म्हणून तिथे रस्ता करताना ती काढून टाकावी लागते आणि खाली मुरूम, गिट्टी भरावी लागते. इथली मातीही पाणी धरून ठेवते, फक्त ती फुगते थंडीने. मातीतलं पाणी गोठलं की ते जागा मागतं आणि वरच्या फरशीला ढकलतं. "म्हणजे रोग तोच," ते म्हणाले, "हवामान वेगळं." मी मान डोलवत वरण वाढलं. माझे पाय दुखत होते.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलेखाचा कागद पसरला आणि तो जुलैपर्यंत तिथून हलला नाही. जेवायची ताटं त्याच्या कडेकडेने ठेवायची. बाबांना चित्र काढायच्या आधी माहिती हवी होती आणि ती देणारी मी एकटीच होते. हिवाळ्यात पारा शून्याखाली किती दिवस असतो? सलग की अधूनमधून? बर्फ दुपारी वितळतो की दिवसभर राहतो? मागच्या अंगणात ऊन किती वाजता येतं? यातलं मला काहीच सांगता येईना. मी हिवाळ्यात अंधारात घराबाहेर पडते आणि अंधारातच परत येते.

"सात वर्षं राहतेस ना इथे?" ते आश्चर्याने म्हणाले.

"राहते बाबा. बघत नाही."

त्यांनी वर पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

मग त्यांनी स्वतःच बघायला सुरुवात केली. पाऊस आला की नवऱ्याचं जाकीट घालून, छत्री घेऊन ते बाहेर जाऊन उभे राहायचे आणि पाणी कुठून कुठे जातं ते पाहून तिथे काड्या रोवायचे. शेजारची बाई कुंपणावरून मला विचारायची, "तुझे सासरे ठीक आहेत ना?" मी एकदा म्हटलं, "बाबा, पाऊस थांबल्यावर बघा ना." ते म्हणाले, "थांबल्यावर काय बघायचं?"

त्यांनी बागेच्या खालच्या टोकाला एक हातभर खोल खड्डा खणला, त्यात बादलीभर पाणी ओतलं आणि ते जिरायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजलं. तसाच एक खड्डा दाराजवळ. दाराजवळचं पाणी संध्याकाळी मी आले तरी तसंच होतं. खालच्या टोकाला मात्र माती रेताड होती आणि पाणी जेवणाच्या आत जिरलं होतं. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. सासूबाई गेल्यापासून तो तसा मी पाहिला नव्हता.

वरती काय घालायचं हा प्रश्न मात्र माझा होता, कारण मला एक हौस होती. इथल्या दुकानात राजस्थानातून येणारा मधाच्या रंगाचा वालुकाश्म मिळतो. मी त्याचे दोन नमुने आणले. बाबांनी एक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहून घेतलं, तो दिवसभर बादलीत बुडवला आणि पुसून पुन्हा वजन केलं.

"पाणी पितो हा. सगळेच पीत नसतील, पण हा पितो," ते म्हणाले. "आत गेलेलं पाणी गोठलं की याचे पापुद्रे सुटतील."

"पण आपल्याकडचा दगड आहे बाबा."

"म्हणून काय त्याला थंडी वाजणार नाही?"

मला हसू आलं. शेवटी आम्ही छोटे, जाड, काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक घेतले, विटेपेक्षा थोडे मोठे. मुंबई-पुण्यात फुटपाथवर असतात तसे. ते मला मुळीच आवडले नव्हते. बाबांचं म्हणणं होतं की मोठी फरशी एका जागी उचलली तर सगळी कलते किंवा फुटते. लहान ब्लॉक थोडंफार वाकणं सहन करतात आणि बिघडलं तर तेवढेच उपसून पुन्हा बसवता येतात. सांधे सिमेंटने भरायचे नाहीत, वाळूने भरायचे. घराच्या भिंतीत ओल वर चढू नये म्हणून विटांच्या थरामध्ये जी काळी पट्टी असते, तिच्यापेक्षा ब्लॉक सहा इंच खाली राहिले पाहिजेत. घरापासून बागेकडे हलका ढाळ. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पन्हळीचा पाइप.

छपराच्या मागच्या पन्हळीतलं सगळं पाणी एका पाइपने खाली यायचं, घराच्या कोपऱ्यात, बाजूच्या फाटकाजवळ. तिथे जमिनीत एक मोडकं मातीचं नळकांडं होतं आणि ते कुठेच जात नव्हतं. अर्ध्या छपराचं पाणी वर्षानुवर्षं त्या एका कोपऱ्यात मुरत होतं. बाबांच्या आराखड्यात तिथून कुंपणाच्या कडेने एक चर खणून, बंद पाइपातून ते पाणी खालच्या रेताड टोकाला खडीने भरलेल्या खड्ड्यात सोडायचं होतं. त्यांनी ही रेघ लाल पेनाने काढली होती. बाकी सगळं पेन्सिलीत.

कंत्राटदार मिळवण्याचं काम माझं. पहिला आलाच नाही. दुसऱ्याने जुन्या फरश्यांवरच नव्या बसवून देतो म्हटलं. तिसरा साठीचा, कमी बोलणारा माणूस होता. तो कोपऱ्याकोपऱ्यातून फिरला, मग बाबांच्या कागदावर बराच वेळ वाकून राहिला.

"एक फूट खणायचं?" त्याने मला विचारलं. "घरामागच्या बसायच्या पॅटिओला सहा इंच पुरतात. इथे काय गाडी उभी करायची आहे?"

बाबांनी त्यांच्या सावकाश, सरकारी इंग्रजीत उत्तर दिलं. गाडीचं वजन वरून येतं, इथलं वजन खालून येणार आहे.

तो माणूस हसला आणि नऊ इंचांवर तयार झाला. माती आणि खडी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मधे एक जाडसर कापड घालू या, हे त्याने सुचवलं. बाबांना ते इतकं पटलं की त्यांनी उठून त्याच्याशी हात मिळवला.

पण तो येणार होता जुलैत, आला सप्टेंबरच्या मध्यावर. आणि आला तो पाऊस घेऊनच. खणलेल्या खड्ड्यात घोट्यापर्यंत पाणी साचलं. चार दिवस काम बंद. मागच्या दारातून आत-बाहेर चिखल. मी कामावरून येऊन लादी पुसायचे, बाबा पुन्हा बाहेर जाऊन यायचे आणि पुन्हा चिखल. पाणी उपसून खडीचे थर पडायला लागले, मशीनने ते दाबले जायला लागले, तेव्हा बाबा प्रत्येक थरावर बुटाची टाच आपटून बघायचे. कंत्राटदार तोवर मशीन थांबवून बाजूला उभा राहायचा.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बाबांचं परतीचं विमान होतं. तोपर्यंत ब्लॉकच्या फक्त चार ओळी बसल्या होत्या. विमानतळावर आत जाण्याआधी ते मला म्हणाले, "बाकी तो करेल, त्याला कळतं. त्या कोपऱ्यातल्या पाइपवर तेवढं लक्ष ठेव बेटा."

"हो बाबा."

घरी आल्यावर मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले आणि तशीच झोपले.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी दहा तासांच्या शिफ्टनंतर घरी आले. विभागात दोघी आजारी होत्या, दिवसभर मला बसायला मिळालं नव्हतं, डोकं ठणकत होतं. कंत्राटदार दारातच थांबला होता. ब्लॉक जवळजवळ पूर्ण झाले होते. चर खणताना मात्र फाटकापाशी जुन्या काँक्रीटचा मोठा गठ्ठा लागला होता आणि पलीकडे कुंपणाच्या झुडपांची जाड मुळं होती. "हे फोडायला अजून दोन दिवस लागतील," तो म्हणाला, "आणि माझं दुसरं काम सोमवारी सुरू होतंय. मधे दहा-बारा दिवस थांबावं लागेल. नाहीतर सध्या पाइपचं तोंड ब्लॉकवर सोडतो. ढाळ आहे, पाणी जाईल. पण थंडीत तिथे बर्फ धरेल, हे मी आधीच सांगून ठेवतो. वसंतात येऊन चर करून देईन."

मला नीट आठवतं, मी त्याच्या खांद्यावरून आत बघितलं. स्वयंपाकघरात चिखलाचे ठसे होते. अजून दहा-बारा दिवस हे असंच, असा विचार माझ्या मनात आला. लाल रेघ मला माहीत होती. ती का काढली आहे हेही पाठ होतं.

"संपवा," मी म्हटलं.

रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. "पाइप टाकला ना?"

"हो," मी म्हटलं.

इतक्या सहज म्हटलं की मलाच आश्चर्य वाटलं.

नोव्हेंबर, डिसेंबर बरे गेले. पाऊस पडायचा, पाणी ब्लॉकवरून वाहून जायचं. दर रविवारी बाबा म्हणायचे, "दाखव जरा," आणि मी फोन घेऊन दारात उभी राहून डावीकडची बाजू दाखवायचे. ती बाजू खरंच सुरेख दिसत होती, सरळ, एकसारखी. नवऱ्यालाही छान वाटत होतं. चर झालाच नाही हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा त्याने ते लक्षात घेतलं नव्हतं.

जानेवारीत आठवडाभर कडक थंडी पडली. पन्हळीतून दुपारी थोडं वितळलेलं पाणी यायचं आणि रात्रीत गोठायचं. चौथ्या दिवशी सकाळी मी बिन बाहेर न्यायला गेले तर फाटक उघडेना. कडी निघाली, फाटक दोन बोटं हललं आणि अडकलं. खाली वाकून मोबाइलचा दिवा लावला. कोपऱ्यातले पंधरा-वीस ब्लॉक फुगून वर आले होते आणि फाटकाच्या खालच्या फळीला टेकले होते. त्यांच्यावरून पाइपाच्या तोंडापासून पार मधोमध बर्फाचा पट्टा गेला होता. मी भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत परत आले. मनगट आपोआप छातीशी धरलं होतं.

त्या आठवड्यात मी बिन घरातून, स्वयंपाकघर आणि हॉल ओलांडून, पुढच्या दाराने बाहेर नेली. नवरा आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. बाबांशी खोटं बोलले तेही.

त्याने फाटकापाशी वाकून फुगलेले ब्लॉक चाचपले. मग म्हणाला, "बाबांना सांगू नकोस. त्यांना कशाला उगाच? उन्हाळ्यात करून टाकू."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण तेवढा जोर नव्हता. मी फक्त म्हटलं, "करून टाकू म्हणजे कोण?"

त्याने फाटकाची कडी लावली.

रविवारी कॉल आला. आधी तब्येत, मग कोणाचं लग्न, मग ते म्हणाले, "या आठवड्यात तिकडे उणे आठ होतं ना? मी रोज सकाळी फोनवर ग्लासगोचं बघतो." मी हो म्हटलं. "अरे वा! म्हणजे पहिली परीक्षा झाली. दाखव बरं." मी दारात जाऊन नेहमीची बाजू दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "छान. आता फाटक उघडून दाखव. तिथली जागा मला कधी नीट दिसलीच नाही."

मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"बाबा, फाटक उघडत नाहीये."

"काहून?"

मी फोन फिरवला. फुगलेला कोपरा, बर्फ, पाइपाचं उघडं तोंड, सगळं दाखवलं. आणि मग सांगितलं की चर झालाच नाही, काँक्रीट लागलं होतं, मीच संपवा म्हटलं, तुम्हाला खोटं सांगितलं.

स्क्रीनवर त्यांचा चेहरा इतका वेळ हलला नाही की मला वाटलं नेट गेलं.

"मी सहा महिने त्या पावसात उभा राहिलो," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुला सगळं माहीत होतं. त्या माणसालाही माहीत होतं. मग?"

"मी दमले होते बाबा."

"दमली होतीस? अगं, दोन दिवसांचं काम. दमलं म्हणून कोणी असं करतं का?"

आणि मग मी बोलले. इतक्या वर्षांत त्यांच्याशी कधी बोलले नव्हते तशी. "करतं. मी केलं. मी फक्त त्या दिवशीच दमले नव्हते, तुम्ही इथे होतात तेव्हाही रोज दमलेली होते. तुम्ही मला ऊन किती वाजता येतं विचारायचात आणि मला पाय सोडून बसावंसं वाटायचं. कोणी एकदा तरी विचारलं का मला?"

"मग सांगायचं होतंस."

"कधी सांगणार? लादी पुसता पुसता?"

कॉल बंद झाला. त्यांनी केला की माझ्या बोटाने झाला, मला माहीत नाही. मी ओट्यापाशी उभी राहून रडले. नवरा वरून खाली आला, त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने मला खुर्चीत बसवलं आणि भांडी घासायला घेतली.

पुढचे तीन रविवार फोन आला नाही. नवरा त्यांच्याशी बोलायचा, आतल्या खोलीत जाऊन. मी विचारलं नाही. राग होता, लाजही होती, आणि त्यांच्या खाली, ओशाळवाणं वाटलं तरी खरं, थोडं हलकंही वाटत होतं.

चौथ्या आठवड्यात मला जेवणाच्या सुटीत त्यांच्याकडून एक फोटो आला. आलेखाचा कागद. फक्त तो कोपरा, मोठा करून काढलेला. काँक्रीट असेल तर त्याला वळसा घालून जाणारी नवी रेघ. खाली लिहिलं होतं, "किती ब्लॉक वर आले ते मोजून कळव. घाई नाही."

मी शनिवारी मोजले. एकोणीस. फोन केला.

"एकोणीसच ना? बाकी ठिकाणी?"

"बाकी कुठेच नाही बाबा. एकही हलत नाही."

"म्हणजे खालचं काम चांगलं झालंय." मग ते म्हणाले, "तू दमतेस हे मला दिसत होतं. आंधळा नाही मी. मला वाटायचं, या कामात तुला घेतलं तर तुझं मन रमेल." आणि लगेच, "तुझं कसलं. माझंच रमत होतं. घरी ती असताना मी असंच काहीतरी घेऊन बसायचो आणि तिला हाका मारत राहायचो. तीही दमत असेल. कधी बोलली नाही."

"तुम्ही जेवलात का?" असं मी विचारलं.

"जेवलो. तू?"

"आता जेवते."

एप्रिलमध्ये कंत्राटदाराने शब्द पाळला. एका सकाळी येऊन त्याने मशीनने तो काँक्रीटचा गठ्ठा फोडून दिला. बाकीचा चर मी आणि नवऱ्याने खणला. त्यासाठी त्याने दोन आठवडे सुटी घेतली होती, तीही मी न सांगता. मुळं करवतीने कापली. दोन दिवसांत माझी पाठ आणि त्याचे तळहात दोन्ही कामातून गेले. पाइप टाकला, खालचा खड्डा खडीने भरला, एकोणीस ब्लॉक एकेक करून काढून, खालची भिजकी खडी बदलून पुन्हा बसवले. दोन ब्लॉकचे कोपरे उडाले होते, ते आम्ही कुंपणाकडे फिरवले. बाबा फोनवर होते, पण कमी बोलत होते. एकदाच म्हणाले, "आता पुरे करा, उद्या करा."

त्या वर्षी ते येऊ शकले नाहीत. गुडघ्यामुळे डॉक्टरांनी इतका लांबचा प्रवास नको म्हटलं. पुढच्या वर्षी बघू, असं आम्ही म्हणतो. या हिवाळ्यात पारा दोनदा पुष्कळ खाली गेला. फाटक उघडतं. कोपऱ्यात सकाळी पांढरा थर असतो, तसा तो सगळीकडेच असतो, पण खालचे ब्लॉक जागच्या जागी आहेत.

रविवारी फोन येतो तेव्हा आता ते आधी माझी ड्यूटी किती वाजेपर्यंत होती ते विचारतात. मी खरं सांगते. कधी कधी म्हणते, "बाबा, आज बोलवत नाहीये," आणि ते "बरं बरं, ठेव," म्हणून फोन ठेवतात. त्यांना वाईट वाटत असेल का, याचा विचार येतो. पण मी ठेवते.

पॅटिओवर बसणं काही फारसं होत नाही. दोन खुर्च्या आणल्या होत्या, त्या बहुतेक वेळ ओल्याच असतात. गेल्या शनिवारी ऊन पडलं होतं, म्हणून कोट घालून चहा घेऊन बाहेर गेले. खुर्ची पुसायचा कंटाळा आला, तेव्हा उभ्यानेच चहा प्यायले. पायाखाली काही हललं नाही. मग आत जाऊन कप विसळला आणि मी आडवी झाले.